एक्स-रेत परत परत धरणाऱ्याची बोटं दिसतायत? कारण कुठे शोधायचं ते

कुत्र्या-मांजराच्या एक्स-रेत कडेला धरणाऱ्याची बोटं दिसतात, कधी अंगठी दिसते, कधी मनगटावरचं घड्याळ, आणि एवढं धरूनसुद्धा फोटो हललेलाच असतो म्हणून परत काढला जातो, मग तिसऱ्यांदा. सावंतवाडी, कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग, कुठल्याही छोट्या जनावरांच्या दवाखान्यात बोलणं निघालं की हेच ऐकायला मिळतं आणि बहुतेक जण मशीनला दोष देतात, जुनं झालंय, प्लेट चांगली नाही, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. मशीनचा दोष कधीकधी असतोही, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण बोटं दिसणं हा वेगळा विषय आहे आणि तो आधी घ्यायला हवा, कारण त्यात फोटोचं फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते ज्याची बोटं आहेत त्याचं.

थोडं समजून घेऊ. ट्यूबमधून निघालेला किरणांचा झोत थेट जिथे पडतो तो प्रायमरी बीम. त्यातले थोडे किरण जनावराच्या अंगातून प्लेटपर्यंत पोचतात, बरेचसे अंगातच शोषले जातात आणि काही अंगावर आपटून चहूबाजूंना फाकतात, त्याला स्कॅटर म्हणतात. रात्री आंबा घाटात धुकं असताना हेडलाईट लावले की उजेड पुढे जायच्या ऐवजी सगळीकडे पसरतो ना, तसंच होतं, म्हणजे टेबलाच्या आसपास उभ्या असलेल्याला जे रेडिएशन मिळतं ते जास्त करून कुत्र्याच्या अंगावरून फाकलेलं असतं. ढोबळ हिशोब असा धरतात की जनावरापासून १ मीटरवर हा स्कॅटर म्हणजे जनावराच्या अंगावर पडलेल्या झोताचा साधारण हजारावा भाग. आता हाच हिशोब उलटा करून बघा. बोट थेट झोतात असेल तर एका फोटोत त्या बोटाला जे मिळालं ते मीटरभर लांब उभं राहून काढलेल्या हजारेक फोटोंइतकं झालं. म्हणून फोटोत बोट दिसलं की फोटो निदानासाठी कितीही छान आलेला असो, मी त्याला अपघातच धरते आणि का झाला ते शोधायला बसते.

सगळ्यात आधी एक गोष्ट बघा, तिला मशीन चालूसुद्धा करावं लागत नाही. कॉम्प्युटरवर जुने फोटो उघडा, पण रिपोर्टसाठी कापलेले नकोत, मूळ फोटो उघडा. डिजिटलमध्ये काय होतं की सॉफ्टवेअर आपोआप कडा काळ्या करतं किंवा आपणच माऊसने कापून फक्त छाती किंवा पाय ठेवतो, मग मालकाला व्हॉट्सअॅपवर गेलेला फोटो एकदम स्वच्छ दिसतो आणि हाताची बोटं कापलेल्या भागात राहून जातात. आमच्याकडे बोटं येतच नाहीत असं म्हणणाऱ्यांनीसुद्धा मूळ फोटो बघावेत. कुठल्या फोटोत हात आलाय, कुठे शिशाच्या ग्लोव्हचा पांढरा आकार आलाय, आणि तो कोणत्या पोझिशनला आलाय हे एका वहीत लिहून काढलं की कारण बरंचसं आपोआप दिसायला लागतं, बहुतेक वेळा एकदोन पोझिशनच सारख्या सारख्या निघतात, कमरेचा उताणा फोटो, मांजराची छाती, पुढचा पाय.

मग विचारा, धरत कोण होतं. मालक आयुष्यात एकदोनदा धरतो. दवाखान्यातला पोरगा रोज धरतो, आज लॅब्रॅडोर, उद्या गावठी, परवा कोणाची तरी पर्शियन मांजर, आणि तो कधी नाही म्हणत नाही कारण त्याला वाटतं आपलं कामच ते आहे. मला खरा राग याचा येतो. १९०४ साली एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली वारला, तो एक्स-रेच्या नळ्या स्वतःचा हात समोर धरून तपासायचा, आधी हात भाजल्यासारखे झाले, मग कॅन्सर, मग दोन्ही हात कापावे लागले. तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं. आज माहीत आहे, आणि आजची मशीनं त्याच्या नळ्यांपेक्षा कितीतरी कमी किरण देतात हेही खरं, पण आजचा मदतनीस वर्षानुवर्षं तोच हात तिथेच ठेवणार असेल तर तो थोडा थोडा डोस साचतच जातो.

इथे एक गैरसमज बॅजचा. टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला किती रेडिएशन मिळालं ते मोजणारा बिल्ला, छातीवर, शिशाच्या अॅप्रनच्या आत लावायचा असतो, तीन महिन्यांनी लॅबला जातो आणि रिपोर्ट येतो. रिपोर्ट चांगला आला की सगळे निर्धास्त. पण बॅज अॅप्रनच्या आतला डोस सांगतो, बोटांचा नाही. झोतात हात घालणाऱ्याचासुद्धा बॅज एकदम नॉर्मल येऊ शकतो, हातासाठी वेगळा अंगठीसारखा किंवा मनगटाचा बॅज लागतो. भारतात एईआरबी, म्हणजे मुंबईचं परमाणु ऊर्जा नियामक मंडळ, त्यांनी काम करणाऱ्यांसाठी मर्यादा दिलीय ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला मिळालेल्या रेडिएशनचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, हातापायांसाठी वेगळी, वर्षाला ५०० मिलिसिव्हर्ट, आणि सामान्य माणसासाठी वर्षाला फक्त १. अंदाज यावा म्हणून सांगते, निसर्गातून, म्हणजे माती, हवा, अन्न, आकाश या सगळ्यातून माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. मर्यादा आहे म्हणजे तिथपर्यंत जायची मुभा आहे असा अर्थ कोणी काढू नये, जितका टाळता येईल तितका टाळायचा. आणि बॅज अॅप्रनला टोचून एक्स-रेच्या खोलीतच लटकवून घरी जाऊ नका, मग तो खोलीचा डोस मोजत बसतो आणि रिपोर्ट वाचून काहीच कळत नाही. १८ वर्षांखालच्या कोणालाही या कामाला लावायचं नाही, सुट्टीत मदतीला आलेला भाचा असला तरी. दवाखान्यातल्या कोणा ताईंनी गरोदर असल्याचं सांगितलं तर त्या दिवसापासून धरायला त्यांना बोलवायचं नाही.

आता झोत. टेबलावर जो उजेडाचा चौकोन पडतो तो किती मोठा असतो ते बघा. बऱ्याच ठिकाणी कोलिमेटरचा, म्हणजे झोत लहानमोठा करायच्या भागाचा, बल्ब उडालेला असतो आणि कोणी बदललेला नसतो, उजेड दिसत नाही, मग कुठे पडेल सांगता येत नाही म्हणून पूर्ण उघडा ठेवतात आणि पूर्ण प्लेटवर फोटो घेतात. पाय बघायचाय आणि झोत अख्ख्या कुत्र्यावर! हात येणारच मग. बल्ब बदलणं हे या सगळ्या यादीतलं बहुतेक सगळ्यात स्वस्त काम असेल. उजेड लागत असेल तरी तो खरा आहे का ते तपासा, चौकोनाच्या चार कडांना आतून टेकवून चार नाणी ठेवा, सगळे बाहेर या, एक फोटो काढा आणि नाणी झोताच्या कडेला बरोबर येतायत का बघा. १०० सेंटीमीटर अंतरावर २ सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकलं असेल तर इंजिनिअरला बोलवा, कारण मग तुम्ही उजेडाच्या बाहेर ठेवलेला हात खरं तर झोतात असतो. हे खाडाखोड न करता तारीख घालून लिहून ठेवा. झोत लहान केल्याने फोटोही सुधारतो, स्कॅटर कमी झाला की प्लेटवरचा धुरकटपणा कमी होतो, हाडाच्या कडा स्पष्ट येतात. प्रत्येक फोटोत चारी बाजूंना कोलिमेशनची कड दिसलीच पाहिजे असा नियम करून टाका, कड दिसली नाही तर झोत प्लेटच्या बाहेर गेला होता असं समजायचं.

झोत छोटा केला की एक गंमत लक्षात येते, हात ठेवायला जागाच उरत नाही, आणि मग प्रश्न येतो की कुत्रं धरायचं कसं. उत्तर आहे, धरायचं नाही, गुंगीचं इंजेक्शन द्यायचं. इथे सगळ्यांचा विरोध सुरू होतो, विशेषतः मालकांचा.

"माझ्याशिवाय तो कोणाचा आयकणा नाय, मी धरतंय त्येका," असं म्हणणारे काका प्रत्येक गावात आहेत आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांचा कुत्रा खरंच त्यांचंच ऐकतो. मी त्यांना सांगते, काका, तो तुमचं ऐकतो म्हणूनच तुम्ही इंजेक्शन लागेपर्यंत त्याच्या डोक्यावर हात ठेवा, त्याच्याशी बोला, झोप लागली की बाहेर बाकावर बसा, उठताना पहिला चेहरा तुमचाच दिसेल. बहुतेक जण ऐकतात. गुंगीची भीती खूप असते, कोणाच्या तरी शेजाऱ्याचा कुत्रा उठलाच नाही अशी गोष्ट प्रत्येकाकडे असते, आणि ती भीती धुडकावून लावू नका, हृदय तपासून, वजन करून, वय विचारून, पोट रिकामं आहे ना ते बघून मगच देतो हे त्यांच्यासमोर करून दाखवा. ब्युटॉर्फेनॉल, डेक्समेडेटोमिडीन ही औषधं आता बऱ्याच ठिकाणी वापरतात, डेक्समेडेटोमिडीनचा परिणाम उतरवायला अॅटिपॅमेझोल असतं, हृदयाचा त्रास असलेल्याला मात्र डेक्समेडेटोमिडीन सरसकट देत नाहीत, आणि औषध कोणतं आणि डोस किती हे समोरच्या जनावराला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मे महिन्याच्या उकाड्यात गुंगी द्यायची तर आधी खोली थंड करा, ऑक्सिजन हाताशी ठेवा, आणि पूर्ण उठेपर्यंत एक माणूस त्याच्याजवळ ठेवा.

आणि हो, गुंगी चढलीच नाही म्हणणाऱ्यांनी एकदा घड्याळ बघावं. स्नायूत इंजेक्शन दिल्यावर शांत, अंधाऱ्या जागेत दहापंधरा मिनिटं सोडावं लागतं. इकडे इंजेक्शन टोचलं आणि तिकडे लगेच टेबलावर चढवलं, बाहेर दुसरी कुत्री भुंकतायत, कोणाचा मोबाईल वाजतोय, मग ते ताठच राहणार, आणि आपण म्हणणार औषध बोगस. तेवढा वेळ प्लेट लावा, सेटिंग करा, वहीत नाव लिहा.

गुंगीनंतर वाळूच्या पिशव्या, फोमचे तुकडे, पायाला बांधायच्या पट्ट्या, चिकटपट्टी. पिशवी घरी शिवता येते, रेक्झिनची शिवा आणि पुसायला सोपी ठेवा. फक्त पुळणीवरची वाळू तशीच भरू नका, त्यातलं मीठ दमटपणा ओढून घेतं आणि पावसाळ्यात पिशव्या ओल्या राहून वास मारतात, आधी गोड्या पाण्यात दोनतीनदा धुवून कडक उन्हात वाळवून घ्या. वाळू फोटोत पांढरी दिसते त्यामुळे पिशवी झोताच्या बाहेर, पाय लांब ओढून त्याच्यावर ठेवायची, आणि मानेवर किंवा छातीवर जड पिशवी कधीच नाही. मांजरासाठी तर कधीकधी काहीच लागत नाही, अंधारी खोली, अंगावर टॉवेल, पाच मिनिटं कोणी हात लावायचा नाही, आणि ते पुठ्ठ्याच्या खोक्यात बसलेलं असेल तर तसंच खोक्यासकट पहिला फोटो होतो.

हे सगळं करूनही फोटो हलतो? मग आता मशीनकडे बघू.

छोट्या पोर्टेबल मशीनचा एमए, म्हणजे ट्यूबमधला करंट, कमी असतो, त्यामुळे तेवढेच एमएएस (एमए गुणिले सेकंद) मिळवायला वेळ जास्त लागतो. २० एमएच्या मशीनवर ५ एमएएस म्हणजे पाव सेकंद झाला. धापा टाकणाऱ्या कुत्र्याची छाती पाव सेकंदात हलणारच, तुम्ही कितीही दाबून धरा, दाबून धरण्याने श्वास थांबत नाही. इथे उपयोगी पडतो तो १५ टक्क्यांचा हिशोब, केव्ही, म्हणजे किरणांचा आरपार जायचा जोर ठरवणारं ट्यूबचं व्होल्टेज, साधारण १५ टक्क्यांनी वाढवला तर एमएएस निम्मा करता येतो, म्हणजे ६० केव्ही आणि ५ एमएएसच्या जागी ६९ केव्ही आणि २.५ एमएएस, वेळ लगेच अर्धा. कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो पण छातीला तो चालतो, उलट बराच वेळा बरा वाटतो. छातीचा फोटो पूर्ण श्वास आत घेतल्यावर आणि पोटाचा श्वास सोडल्यावर, त्यासाठी बटण दाबणाऱ्याने कुत्र्याच्या छातीकडे बघत राहायचं असतं, मशीनकडे नाही.

सुरुवातीचा केव्ही किती ठेवायचा याला जुना हिशोब आहे, जाडी सेंटीमीटरमध्ये मोजा, दुप्पट करा, त्यात ४० मिळवा, म्हणजे १२ सेंटीमीटरच्या पोटाला ६४. हे फक्त सुरुवात करायला, नंतर आपल्या मशीनचा आणि आपल्या प्लेटचा तक्ता आपणच करायचा आणि भिंतीवर लावायचा. अंदाजपंचे सेटिंग करणं हे फोटो परत काढायला लागायचं एक मोठं कारण असतं. ग्रिडचंही, म्हणजे स्कॅटर प्लेटपर्यंत पोचू न देणाऱ्या जाळीचंही, तसंच, १० सेंटीमीटरपेक्षा जाड भागाला ग्रिड लावतात, ग्रिड लावला की एक्स्पोजर दुप्पट-तिप्पट वाढवावं लागतं, त्यामुळे मांजराला किंवा पायाला ग्रिड तसाच लावून ठेवला असेल तर फुकटचा डोस जातोय.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे वीज. जूनपासून व्होल्टेज वरखाली होतं, आणि घरच्या सॉकेटवर चालणारं मशीन असेल तर व्होल्टेज पडलं की किरण कमी निघतात, फोटो दाणेदार येतो, मग आपण सेटिंग वाढवतो, परत काढतो, आणि दुसऱ्या दिवशी व्होल्टेज चांगलं असतं पण सेटिंग वाढवलेलंच राहतं. मशीनला वेगळी लाईन द्या, पंप आणि फ्रिज त्याच लाईनवर नकोत, लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको, त्यातच व्होल्टेज पडतं. चांगला स्टॅबिलायझर लावा. आणि फोटो दाणेदार आला की आधी व्होल्टेज बघायचं, मग सेटिंगला हात लावायचा.

डिजिटलमध्ये याच्या उलटचा त्रास जास्त घातक आहे असं माझं मत. फिल्मच्या काळात जास्त एक्स्पोजर झालं की फिल्म काळीकुट्ट यायची आणि सगळ्यांना कळायचं. डिजिटल प्लेट जास्त डोसलाही सुंदर फोटो देते, दाणे नसतात, त्यामुळे सगळ्यांना आवडतो, आणि हळूहळू सेटिंग वर वर सरकत जातं, कोणाच्या लक्षातही येत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा येतो तो बघायची सवय लावा, आपल्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तो किती असावा ते दिलेलं असतं. तो सतत वर असेल तर एमएएस कमी करा.

ग्लोव्ह आणि अॅप्रनबद्दल थोडं. पावसात ग्लोव्हच्या आत बुरशी धरते, हात घातला की ओलं आणि कुबट लागतं, म्हणून कोणी घालत नाही, मग कोणी तो नुसता हातावर पांघरतं. नुसता पांघरलेला ग्लोव्ह खालून फाकणारे किरण अडवत नाही. आतून सुती हातमोजे घाला, ते रोज धुता येतात, आणि ग्लोव्ह उभे ठेवा, दोन्ही टोकं उघडी असलेली पाईपची नळी आत घातली की हवा खेळते. पण ग्लोव्ह घातला म्हणजे हात झोतात चालतो असं मुळीच नाही, ग्लोव्ह स्कॅटरसाठी असतो, थेट झोतातला काही भाग त्यातूनही आत जातो. अॅप्रन निदान ०.२५ मिलिमीटर शिशाइतका असावा, घडी घालून कपाटात कोंबू नका, आत चिरा पडतात आणि बाहेरून दिसत नाहीत, हँगरला लावा. वर्षातून एकदा अॅप्रन आणि ग्लोव्ह प्लेटवर पसरून त्यांचाच एक्स-रे काढून बघा, चीर लगेच दिसते.

उभं कुठे राहायचं? बटणाची वायर जितकी लांब जाते तितकं लांब. अंतर दुप्पट झालं की डोस चौथाई होतो. ३० सेंटीमीटरवर वाकून उभा असलेला माणूस २ मीटरवर गेला तर त्याला जवळपास ४४ पट कमी मिळतं, आणि याला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती असतात, हा मोठा फायदा आहे, माणसांच्या एक्स-रे खोलीसाठी एईआरबीने स्कॅटर पडणाऱ्या भिंतीला निदान २३ सेंटीमीटर विटेची आणि थेट झोत पडणाऱ्या भिंतीला निदान ३५ सेंटीमीटर विटेची किंवा तेवढा अडथळा देणारी जाडी सांगितलीय, त्यावरून आपली भिंत कुठे बसते ते बघा. प्रॉब्लेम असतो तो नंतर घातलेल्या प्लायवूडच्या पार्टिशनचा आणि खिडकीचा. पार्टिशनच्या पलीकडे मालकांचा बाक ठेवलाय का? तो आधी हलवा.

आता ज्यांना गुंगी देताच येत नाही ते. हायवेवर गाडीने उडवलेला कुत्रा, शॉकमध्ये, श्वास लागलेला. त्याला आधी ऑक्सिजन, सलाईन, वेदनेचं औषध, आणि तो स्थिर झाला की एक्स-रे, आधी नाही. श्वास लागलेल्याला उताणं करू नका, पोटावर बसलेला तसाच वरून फोटो घ्या. असली जनावरं बहुतेक वेळा फार हलत नाहीत, लांबून काम होतं. खरोखरच धरल्याशिवाय जीव वाचणार नाही अशी वेळ आली तर धरणारा मोठा माणूस हवा, अॅप्रन आणि ग्लोव्ह घातलेला, हात झोताच्या बाहेर, अंग मागे झुकवलेलं, तोंड वळवलेलं, आणि कोणी धरलं ते वहीत लिहायचं, दर वेळी तोच माणूस नको. वहीत एकच नाव सारखं येत असेल तर तिथे थांबून विचार करायला हवा.

पैसे वाचवायला किंवा रेडिएशन नको म्हणून "एकच काढा" म्हणणारेही असतात, ते इथे लागू पडत नाही. हर्णै, मालवण, मिरकरवाडा, बंदराच्या जवळ राहणाऱ्यांकडे गळ गिळलेली कुत्री-मांजरं येतात, तोंडातून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, लोंबत असतो (तो ओढायचा नाही, मालकालाही ओढू द्यायचा नाही, बांधून ठेवायचा). गळ एका फोटोत दिसतो पण तो घशाच्या कुठल्या बाजूला, अन्ननलिकेत की पोटात, हे कळायला काटकोनातला दुसरा फोटो लागतोच. मे महिन्यात आंब्याची कोय गिळलेला कुत्रा आला तर कोय स्वतः नीट दिसेलच असं नाही, आतड्यात अडकून फुगलेला वायू बघून अंदाज घ्यावा लागतो, तिथेही दोन फोटो, आणि जमत असेल तर सोनोग्राफी, त्यात असलं रेडिएशन नसतं. गरजेचा दुसरा फोटो वाया जात नाही. वाया जातो तो हललेला, वाकडा, चुकीच्या सेटिंगचा फोटो. तो कमी करायला नाकारलेले फोटो डिलीट करू नका, महिन्याअखेरीस बसून का नाकारले ते मोजा, हलणं, पोझिशन, सेटिंग, मशीन, आणि जे सगळ्यात जास्त निघेल तेवढं एकच पुढच्या महिन्यात सुधारा.

मालक नेहमी विचारतात ते एक, घरी नेल्यावर कुत्र्याच्या अंगात रेडिएशन राहतं का, बाळाजवळ चालेल का. एक्स-रे आणि सीटी स्कॅननंतर काहीही राहत नाही, बटण सुटलं की किरण संपले, आतडं उठून दिसावं म्हणून बेरियम पाजलं असेल तरी ते किरणोत्सारी नसतं, घरी न्या, जवळ घ्या. किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन किंवा उपचार करतात तो प्रकार वेगळा, तिथे औषध काही काळ अंगात आणि लघवीत असतं, पण नेहमीच्या एक्स-रेशी त्याचा संबंध नाही.

घोड्यांचं राहिलं. अलिबाग, काशीदच्या किनाऱ्यावरचे घोडे लंगडायला लागले की मशीन घेऊन तिकडेच जावं लागतं, आणि तिथे प्लेट पायामागे कोणीतरी हातात धरतो, हे सगळ्यात वाईट, कारण झोत आडवा सरळ त्याच्याच हातावर येतो. सुताराकडून लांब दांड्याला खाच करून प्लेट अडकवायचा होल्डर करून घ्या, दीड मीटरचा दांडा असला की हात झोतापासून लांब राहतो, आणि शक्य असेल तर दांडासुद्धा हातात न धरता स्टँडला अडकवा. मशीन हातात धरून नाही, स्टँडवर. लगाम धरणाऱ्याला अॅप्रन द्या आणि घोड्याच्या डोक्याच्या बाजूला, झोताच्या वाटेपासून दूर उभा करा. किनाऱ्यावर बघायला पोरं लगेच जमतात, त्यामुळे घोडा असा उभा करायचा की झोत ज्या दिशेला जाणार तिकडे जाड चिऱ्याची भिंत असेल, मागे कोणी नाही ना हे स्वतः चालत जाऊन बघायचं आणि मगच बटण दाबायचं.